टकलावरची लावणी

कर्जत लोकलच्या दाराशी उभं राहिलं की वाऱ्याने केस उडतात. माझे तेवीस वर्षं उडत होते. शेवटी उडूनच गेले.

डॉक्टरांनी दोन औषधं लिहून दिली. घरी येऊन त्यांची कुळकथा काढली आणि मन खट्टू झालं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं. अमेरिकेत १९७९ मध्ये गोळी आली, रोग्यांच्या अंगावर नको तिथे लव उगवू लागली, आणि १९८८ मध्ये तेच औषध बाटलीत भरून डोक्यावर आलं. फिनॅस्टराइड १९९२ चं, प्रोस्टेटसाठी. टकलाची आठवण झाली १९९७ मध्ये. मेव्हण्याला चाई पडलीय, त्याच्यासाठी विचारलं, तर २०२२ मध्ये तिथे चाईवर मान्य झालेलं बॅरिसिटिनिब निघालं संधिवाताचं! थोरल्याचा आखूड झालेला सदरा धाकट्याला, तसा सगळा कारभार.

रायगडकरांनी तरी कुरकुर करू नये. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन देऊन माणसं वाचवली, तेही रक्तदाबाचंच. (आमच्या खालापुरातलं वरदविनायकाचं ते महड. फरक एका कान्याचा. नवस मी महडला बोललोय.)

मिनॉक्सिडिल लावलं, तर आधी होते तेही गळू लागले. डॉक्टर म्हणाले, शुभलक्षण! शिवाय थांबवलं की उगवलेलंही जाणार. म्हणजे लोकलचा पासच. संपला की उतरा खाली.

मग केसरोपणाचं मनात आलं. शेजारच्या काकांची हयात भातात गेलीय, कर्जतच्या संशोधन केंद्राचं बियाणं त्यांनी खाचरात पारखलेलं.

"आवण कुठनं आननार?"

"डोक्याच्या मागनं. तिथले केस हार्मोनला दाद देत नाहीत. पुढे लावले तरी स्वभाव सोडत नाहीत."

"न् मागं परत उगवतं?"

"उपटलं तिथे नाही."

"मंग मोजूनमापून उपट. लावनी झाली का रोप आधी मान टाकंल, घाबरू नको."

खरंच, लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, मुळं तेवढी राहतात. तीन-चार महिन्यांनी फुटवे. एवढंच सांगायला डॉक्टरांनी फी घेतली होती.

"पीक हाती कधी?"

"पुरतं म्हणाल तर वर्षाने."

काकांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"वरीस? ह्ये तं गरव्याहून गरवं. तुझं वय बघता हळवं बियानं मिळतंय का, इचार."