सोलर आहे, पाणी गार आहे

पुण्यात फ्लॅट दाखवताना सेल्समन हमखास गच्चीकडे बोट करतो. "सोलर दिलंय, सर!" दिलेलं असतंच. मोठ्या इमारतींना ती अटच आहे, शिवाय महापालिका मिळकतकरात 5 टक्के सवलत देते. सवलत मिळाली की सोसायटीचा पर्यावरणाशी संबंध संपतो.

एकदा वर जाऊन बघा. काळ्या काचनळ्यांवर धुळीचा थर, फुटलेल्या नळीच्या भोकात कुणीतरी ठोकलेलं बूच आणि उरलेल्या नळ्यांवर कुणाची तरी गोधडी वाळत घातलेली. सूर्याने काय करावं?

यंत्र बिचारं साधं आहे. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. ना पंप, ना वीज. खरी मेख पाइपात आहे. 7 मजले उतरणाऱ्या एक इंची पाइपात दहाएक लिटर पाणी रात्रभर गार होत बसतं. पहिल्या मजल्यावरच्या काकू सकाळी अर्धी बादली मोरीत सोडून देतात आणि वैतागून गिझर लावतात. सातव्या मजल्यावरचे काका मात्र सभेत ठणकावतात, "आमच्याकडे तर कढत येतं!"

पाइपाला इन्सुलेशन आणि पाणी फिरतं ठेवणारा छोटा पंप, एवढ्यावर हे निभावतं. बिल्डरने तेवढेच पैसे वाचवले. सोसायटीकडे गेटच्या ग्रॅनाइटला पैसे असतात, याला नसतात.

मग घरोघरी गिझर. एक बादली पाणी 20 वरून 40 अंशांवर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं. चार माणसांचं घर धरा, महिन्याला 60 युनिटं. महावितरणचा 100 युनिटांचा स्वस्त टप्पा निम्म्याहून जास्त न्हाणीघरातच वाहून जातो, आणि बिल आलं की शिव्या महावितरणला.

आता हीट पंपवाले येऊ लागलेत. एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची उष्णता, म्हणजे चीज उत्तम. त्याची जाळी कोण साफ करणार, हे मात्र कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत, पार्किंगवरून जुंपण्याआधी, तीन ठराव मांडा: नळ्या धुणं, फुटक्या बदलणं, पाइपाला इन्सुलेशन. हात वर करून मतं घ्या. बिल्डरच्या नावाने बोटं मोडायला चहाची वेळ आहेच.