पाचव्या जिलेबीबाबत

प्रति,
समस्त आग्रहकर्ते,
लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण आणि 'सहज आलो होतो' विभाग,
महाराष्ट्र.

विषय : नको म्हटल्यावरही ताटात पडणाऱ्या जिलेबीबाबत.
संदर्भ : आपला 'अहो, एवढ्यानं काय होतंय' हा तोंडी हुकूम.

महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि. आपण मला आजवर जे जे खाऊ घातलंत त्याबद्दल मी आपला ऋणी आहे, आणि त्यातलं निम्मं मला नको होतं हे कळवण्यासाठी हे खुलं पत्र लिहीत आहे. खुलं अशासाठी, की बंद पाकिटातून पाठवलं असतं तर त्यात आहेर असेल असं समजून आपण ते थेट वहीत नोंदी करणाऱ्या मामांकडे दिलं असतं.

माझं मत एकदा सांगून टाकतो. ते ऐकल्यावर मला कुणी जेवायला बोलावणार नाही याची कल्पना आहे. ती मी सोयच समजतो. तर, मराठी यजमानाच्या तोंडून निघणारं सर्वांत सभ्य वाक्य म्हणजे 'चहा घेणार का?' हो, तेच. ज्याच्यावर नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत अख्खा महाराष्ट्र हसतो आणि पुणेकर ज्याबद्दल उगाच ओशाळतो, तेच वाक्य. त्यात खरोखरच विचारलेलं असतं. हो म्हणालात तर चहा येतो, नको म्हणालात तर येत नाही, आणि दोन्ही वेळा कुणाचा चेहरा पडत नाही. आपल्याकडे मात्र पाहुणा चपला काढत असतानाच आत आधण चढलेलं असतं. मग त्याला नुसतं विचारायचं ते साखर किती एवढंच, आणि तीही त्यानं सांगितली त्याहून एक चमचा जास्तच पडते, कारण कमी साखरेचा चहा दिला तर घराण्याची काय शोभा राहिली?

पंगतीतलं आपलं तंत्र मी फार जवळून, म्हणजे ताटाच्या अलीकडच्या बाजूनं, पाहिलेलं आहे. वरण-भात होईपर्यंत आपण कुठे दिसत नाही. मसालेभात येतो, अळूची भाजी येते, डावीकडे कोशिंबीर आणि पंचामृत आपापल्या जागी बसलेले असतात. पाहुणा स्वतःच्या गतीनं, खाली मान घालून, सुखानं जेवत असतो. तेवढ्यात पंगतीच्या टोकाला हालचाल सुरू होते. पुढे फेटा बांधलेले मुलाचे काका, त्यांच्या मागे जिलेबीचं ताट घेतलेला वाढपी, त्याच्या मागे नवरा-नवरी, आणि सगळ्यांत मागे डोळे दिपवणारा दिवा धरलेला व्हिडिओवाला. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो. जगात इतरत्र या खुणेचा अर्थ नको असा होत असावा. आपल्याकडे ती खेळाची सुरुवात समजतात. काका म्हणतात, "हात काढा." पाहुणा काढत नाही. काका म्हणतात, "आवडलेली दिसत नाही." पाहुणा आवडली म्हणतो आणि तिथेच फसतो. कारण आवडली असेल तर का घेत नाही, या प्रश्नाला आपल्या संस्कृतीत 'पोट भरलं' हे उत्तर मान्य नाही. मग नवरीला पुढे केलं जातं. नव्या सुनेच्या हातची नको म्हणता? त्या बिचारीनं सकाळपासून स्वतः दोन घास नीट खाल्लेले नसतात, पण ती हसून जिलेबी पुढे करते, दिवा चेहऱ्यावर येतो, आणि चित्रणात कायमचा नोंदला जाईल अशा आनंदानं पाहुणा पाचवी जिलेबी स्वीकारतो.

एवढ्यावर भागलं नाही तर गळ्याची शपथ आहेच. एका जिलेबीसाठी स्वतःचा जीव तारण ठेवणारा समाज मला तरी दुसरा माहीत नाही.

'गोड चालत नाही' असं सांगून सुटता येईल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आपल्या लग्नाला यावं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर गेला. त्यातल्या प्रत्येकाला डॉक्टर पथ्य सांगतात, आणि प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या पंगतीत आपल्यापैकी कुणीतरी सांगतं, "आजच्या दिवस एक गोळी जास्त घ्या." हा सल्ला देताना आपला आवाज इतका मायेचा असतो की ज्याच्या साखरेचा प्रश्न आहे त्यालाच आपण उगाच कुरकुर करतोय असं वाटायला लागतं. त्याच्या पायाची जखम चार महिने भरत नाही तेव्हा मात्र हे काका वाढायला नसतात. भेटायला येतात, येताना पेढे आणतात.

इतिहासाचा दाखला द्यायचा तर पुण्याचाच देतो. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, शहरातली आणखी बरीच शहाणी माणसं होती. मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे त्या काळी जात बाटवणारी गोष्ट. तरी समोर आलेला कप कसा परतवायचा? कुणी प्यायले, यजमानांचं मन मोडू नये म्हणून कुणी नुसता हातात धरला. सभेचा घाट घालणारे होते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव. त्यांनी नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. गावात ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि एरवी एकमेकांशी क्वचितच एकमत होणारे रानडे आणि टिळक प्रायश्चित्ताच्या बाबतीत एका पंगतीला बसले. ज्यांना इंग्रज सरकारला नाही म्हणता येत होतं, त्यांतल्या काहींना चहाच्या कपाला नाही म्हणणं जमलं नाही. मग माझ्यासारख्यानं मठ्ठ्याच्या दुसऱ्या वाटीपुढे काय टिकाव धरावा?

आपली बाजू मला ठाऊक नाही असं नाही. पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा अनमान करायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही रीत उगाच पडलेली नाही. दहा कोस चालून आलेला माणूस भुकेला असायचा, पण यजमानाच्या मडक्यात किती दाणे आहेत हे त्याला माहीत नसायचं. म्हणून तो नको म्हणे. आणि त्याची भूक यजमानाला दिसे, म्हणून तो पुन्हा विचारी. १९७२च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली एखादी म्हातारी आजही आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून समोर धरते, तेव्हा मी नको म्हणत नाही, पुढेही म्हणणार नाही. तिनं रिकामी चूल पाहिलेली आहे. तिचा तो हक्क आहे.

आपला नाही. आपण जिलेबी तळली नाहीत, पाक केला नाहीत, मसालेभाताची भांडी घासली नाहीत. ते सगळं केटरर करतो, आणि त्याच्याशी आपला व्यवहार दर ताटाप्रमाणे ठरलेला असतो. म्हणजे मी दोन जिलेब्या खाल्ल्या काय आणि सात खाल्ल्या काय, आपल्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही. फुकटचा आग्रह करताना माणूस इतका उदार होतो हे पाहून माझे डोळे भरून येतात. निदान व्हिडिओवाल्याला तरी तसं वाटतं. उष्ट्याचं पुढे काय होतं हा विषय मंगलप्रसंगी काढू नये म्हणतात. २०१६च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठ्या कचराकर्त्यांत जमा केलं. लग्नसराईतल्या कार्यालयाच्या मागच्या दारी संध्याकाळी एक चक्कर मारा, म्हणजे आपलं प्रेम किती किलो भरतं ते दिसेल.

आणि हा आग्रह नेहमी कुणाला झाला तेही बघा. जावयाला झाला, व्याह्यांना झाला, विहिणींच्या पंगतीला तर गाणी म्हणून झाला. ज्यांनी पहाटेपासून पुरण वाटलं त्यांची पंगत शेवटची. तोवर पातेल्यात भाजीची फोड उरली असेल तर उरली. "अगं, घे ना अजून एक पोळी," असं तिला कोण म्हणणार, पोळी करणारी तीच. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना सोमवारच्या घरी, मंगळवारच्या घरी किती आग्रह होत असे? पंगतभेदात ज्यांना अंगणाबाहेर बसवलं, त्यांच्या पानावर हात आडवा धरायची वेळ कधी आली? ज्याला खरी गरज होती त्याच्यापर्यंत आपलं जिलेबीचं ताट पोचलंच नाही. ते बरोबर तृप्त माणूस शोधून काढतं. इतका अचूक नेम फार थोड्या परंपरांचा असतो.

म्हणून मी बुफेचा भक्त आहे. हेही मत लोकप्रिय नाही. बुफे म्हटलं की ज्येष्ठ मंडळी हळहळतात, उभ्यानं खायचं, ताट हातात, पाणी कुठे ठेवायचं, छे, पंगतीची सर नाही. नाहीच. पंगतीत माझ्या पोटाचा हिशेब चारचौघांच्या देखत होतो. बुफेत मी पुऱ्या किती घेतल्या हे मी आणि तो पुऱ्यांच्या कढईमागचा पोरगा एवढ्यांनाच ठाऊक असतं, आणि त्याला त्यात काही रस नसतो. ही लोकशाही आहे. अर्थात आपण तीही मोडून काढायला निघालाच आहात. परवा एका रिसेप्शनला मी आइस्क्रीमची रांग टाळून खांबाआड उभा होतो, तर यजमानांनी तिथे मला गाठलं आणि माझ्या ताटाकडे बघत विचारलं, "गुलाबजाम दिसत नाही?" गुन्ह्याच्या जागी पुरावा सापडत नाही तेव्हा फौजदार असाच बघत असणार.

२०२० साली लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. काळ वाईट होता, त्याबद्दल विनोद नको. एवढंच म्हणतो की त्या वर्षी मी मोबाइलवर एक लग्न पाहिलं, अक्षता घरातल्याच तांदळाच्या टाकल्या, आणि आमटी-भात जेवून उठलो. "काही घेतलं नाहीत" असं कुणी म्हणालं नाही.

आता एक उपकलम. दारात निरोप घेताना आपण "या ना एकदा निवांत" म्हणता. वार नाही, तारीख नाही. मी "येईन की" म्हणतो. दोघांनाही माहीत असतं की कुणी कुठे जाणार नाही. मग चपला घातलेल्या अवस्थेत आपण आणखी अर्धा तास बोलतो, लिफ्टचं दार उघडून धरतो, वरच्या मजल्यावरचे शेजारी बटण दाबून दाबून थकतात. माझी सूचना अशी, की एक तर तारीख सांगा, नाहीतर दार लावून घ्या. दोन्हींत अपमान नाही.

आणि गणपतीच्या दिवसांत दहा घरी दर्शनाला जाणाऱ्या माणसाला दहाव्या घरी बशीभर चिवडा, करंजी आणि वर मोदक देऊन "प्रसादाला नाही म्हणू नये" असं सांगणं, यात देवाला मधे घेऊ नका. तो कुणाला आग्रह करताना मी पाहिलेलं नाही.

कळावे.

आपला,
ताटावर हात आडवा धरून बसलेला एक पाहुणा

ता. क. या पत्रानं कुणी दुखावलं असेल तर त्यांनी येत्या रविवारी माझ्याकडे जेवायला यावं. वेळ दुपारी १२.३०. पिठलं, पोळी, ठेचा, भात, ताक. गोड नाही. पोळ्या मीच लाटतो, तेव्हा त्या गोल असतील अशी अपेक्षा ठेवू नये. किती लागतील ते शनिवारी रात्रीपर्यंत कळवावं, म्हणजे कणीक तेवढीच भिजवता येईल. दोन कळवून तिसरी मागितलीत तर करून देईन. दोन कळवून एकच खाल्लीत तर कारण विचारणार नाही. अडीच वाजता मी झोपतो.