उसनं झाड

पुण्यात दवाखान्यात कुणाला तरी बघायला जाणं आणि दवाखानाच बघायला जाणं, यात फरक आहे हे कोणत्याही वॉचमनला पटवून देता येत नाही. "पेशंटचं नाव?" "पेशंट नाहीये, आम्ही इमारत बघायला आलोय." एवढं ऐकल्यावर त्याच्या नजरेत आधी संशय येतो आणि मग हळूहळू कणव. एका ठिकाणच्या वॉचमनने तर अगदी आदबीने सांगितलं, "काका, मानसोपचार दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट डावीकडे."

हा उद्योग माझ्या भाचीचा. ती आर्किटेक्ट आहे आणि कोथरूडमधल्या एका डॉक्टर जोडप्याच्या छोट्याशा प्लॉटवर तिला छोटंसंच हॉस्पिटल बांधायचंय. पहिली रेघ मारण्याआधी चार चांगल्या जागा डोळ्यांखालून घालाव्यात, असं तिचं म्हणणं. मला बरोबर न्यायचं कारण तिने स्पष्टच सांगितलं: माझे गुडघे, माझी झोप आणि माझा रिकामा वेळ. सरासरी पेशंट कसा असतो हे तिला आयतंच कळणार होतं.

मोबाईलमध्ये तिच्याकडे अख्खं जग होतं. सिंगापूरचं खू टेक पुआट हॉस्पिटल, 2010 साली सुरू झालेलं. मधल्या चौकात जंगल, शेजारी तळं, गच्चीवर भाजीपाला, आणि तो पिकवायला आसपासची हौशी माणसं येतात. मी तिला आपल्याकडच्या गच्च्यांची आठवण करून दिली: पाण्याच्या टाक्या, सोलरचे पाइप, मोबाईलचा टॉवर आणि वाळत घातलेल्या हिरव्या चादरी. "हिरवं आहे की," मी म्हटलं. तिने मोबाईल खिशात ठेवला आणि आम्ही ससूनला निघालो.

ससूनचं नाव काढलं की पुणेकराला गर्दी आठवते, इमारत आठवत नाही. वास्तविक 1867 साली उभी राहिलेली ती दगडी वास्तू आणि कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, दोन्ही एकाच माणसाच्या हातची: हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. दोन्हींना पैसा डेव्हिड ससून यांचा. ते स्वतः 1864 मध्येच गेले आणि लाल देवळाच्या आवारात चिरनिद्रा घेत आहेत. विल्किन्सच्या काळी डॉक्टरांची पक्की समजूत होती की रोग घाणेरड्या हवेतून पसरतात. त्यामुळे हवा खेळती पाहिजे, छत उंच पाहिजे, कमानींचे लांबलचक व्हरांडे पाहिजेत, असा त्या काळच्या सगळ्याच रुग्णालयांचा खाक्या. पुढे जंतू सापडले, जुनी समजूत मोडीत निघाली. पण गंमत बघा, कारण चुकलेलं असूनही खिडकी बरोबर आली होती. आज कारणं सगळी बरोबर असतात आणि खिडकी उघडतच नाही, कारण एसी चालू असतो.

याच ससूनमध्ये 12 जानेवारी 1924 च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कर्नल मॅडॉक यांनी केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. भाची बराच वेळ छताच्या उंचीकडे बघत होती. माझ्या मनात आलं, एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवून उजेडाची सोय करणाऱ्या विल्किन्सला काय ठाऊक, की इथलं सगळ्यात गाजलेलं ऑपरेशन रात्रीच व्हायचं होतं!

याच गांधीजींनी 1946 च्या मार्चमध्ये पुण्यापासून रेल्वेने जेमतेम तासाभरावर असलेल्या उरुळी कांचनला निसर्गोपचाराचा आश्रम काढला आणि मणिभाई देसाईंना तिथे बसवलं. मणिभाई तिथे बसले ते जन्मभर. माती, पाणी, ऊन, हवा आणि रामनाम अशी तिथली मूळची औषधपेटी. गरिबांवर उपचार करायचे तर शहरात नव्हे, खेड्यात जायला हवं, हा गांधीजींचा हट्ट. आता तिथे शहरातली माणसं रीतसर नाव नोंदवून, पैसे भरून जातात आणि खेड्यातली माणसं उपचाराला पुण्यात येतात. कधी कधी दोघांची एकाच फलाटावर गाठही पडत असेल. आश्रमातल्या झाडीत फिरणारी माणसं मला फार आवडली. पोटावर मातीची पट्टी घेतलेला माणूस कितीही मोठा कारखानदार असो, त्याला रुबाब करता येत नाही. दुपारच्या बिनमिठाच्या भाजीबद्दल मी काही बोलणार नाही. ती बरं होण्याची घाई लावते, एवढं मात्र खरं.

क्षयरोगावर औषध नव्हतं तेव्हा इमारत हेच औषध होतं. डॉ. बिलिमोरियांनी 1912 साली पाचगणीला सॅनेटोरियम काढलं ते तिथल्या हवेच्या भरवशावर. मिरजेजवळच्या वानलेसवाडीची कथाही तीच. तिकडे फिनलंडमध्ये अल्व्हार आल्टो या वास्तुकाराने पायमिओ गावी 1933 मध्ये क्षयरोग्यांचं जे रुग्णालय पुरं केलं, ते तर भाचीचं कुलदैवतच आहे. त्या माणसाने म्हणे सरळ विचार केला, की सगळ्या खोल्या उभ्या माणसासाठी आखलेल्या असतात आणि इथला माणूस तर आडवा! मग त्याने छताला डोळ्यांना निववणारा हिरवट रंग दिला, दिवा पेशंटच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बसवला. हात धुवायची भांडी अशा कोनात बसवली, की पाण्याचा आवाज होऊ नये. का, तर एका खोलीत दोघं पेशंट. एकाने चूळ भरली म्हणून दुसऱ्याची झोप मोडता कामा नये. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि रोग गोळ्या-इंजेक्शनांनी बरा व्हायला लागला. ते उत्तमच झालं. पण त्याबरोबर गॅलऱ्या गेल्या, झाडं गेली, आणि चुळेचा आवाज परत आला.

आल्टोची ही गोष्ट ऐकवून भाचीने मला एका हॉस्पिटलच्या रिकाम्या खाटेवर आडवं व्हायला लावलं. नाव सांगत नाही. तिथे पुन्हा जावं लागायचं. "मामा, काय काय दिसतंय ते सांग, मी लिहून घेते." मी सांगू लागलो. छतावर चौकोनी पांढरे पत्रे. एका पत्र्यावर ओलीचा डाग, डावीकडून पाहिलं तर विदर्भासारखा. बरोबर डोळ्यांवर ट्यूबलाइट. पडद्याची सळई, तिला अकरा रिंगा, पैकी दोन सुटलेल्या. भिंतीवर फळांनी भरलेल्या परडीचं चित्र, बहुधा ज्यांना सलाइन लावलंय त्यांना चिडवायला. टीव्ही, पण मान वळवून. खिडकी डोक्यामागे. म्हणजे बाहेरचं पिंपळाचं झाड डॉक्टरांना राउंड घेताना दिसावं अशी व्यवस्था, पेशंटला नव्हे. एवढ्यात एक सिस्टर आली, काही न विचारता माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला आणि म्हणाली, "बीपी वाढलंय. उठू नका." भाचीने खुलासा केला, तरी सिस्टरचं मत बदललं नाही. ती म्हणाली, "पण वाढलंय ना?"

झाड दिसण्याने काय होतं, याचा कुणी पुरावा मागितला तर तोही भाचीपाशी आहे. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयातले जुने कागद तपासून 1984 साली एक निबंध छापला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या 23 जोड्या लावल्या. वय वगैरे शक्य तेवढं सारखं. फरक इतकाच, की एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. शिवाय झाडंवाल्यांना जबर वेदनाशामकं कमी लागली आणि नर्सच्या नोंदीत त्यांच्याबद्दलच्या तक्रारीही कमी. हिशेब करायला गेलं तर पाऊण दिवस वाचला. पाऊण दिवस ऐकून नाक मुरडू नये. ज्याने दुपारी दोनला निघायची तयारी करून मेडिक्लेमच्या मंजुरीची वाट बघत रात्री नऊपर्यंत फाइल मांडीवर घेऊन वेळ काढलाय, आणि वर दुसऱ्या दिवसाचं खोलीभाडं भरलंय, त्याला पाऊण दिवसाची किंमत ठाऊक असते.

त्या बसण्यावरूनच माझं आणि भाचीचं थोडं वाजलं. तिच्या डोक्यात सगळा वेळ आडवा माणूस. मी म्हटलं, आपल्याकडे एका आडव्या माणसामागे निदान तीन बसलेली माणसं असतात, त्यांचं काय? पेशंटला खाट असते, उशी असते, दर चार तासांनी विचारपूस असते. नातेवाइकाला मिळते ती एकमेकांना जोडलेली लोखंडी खुर्ची. तिच्यावर शेजारच्याने कूस बदलली की आपण हलतो. "जोशींच्या पेशंटबरोबर कोण आहे?" अशी हाक आली की त्याच्या पोटात गोळा येतो, मग ती हाक नुसती कापूस आणून द्या म्हणून का असेना. त्याला रडायला जागा नाही, डबा उघडायला जागा नाही, पाय लांब करायला तर नाहीच. ससूनच्या आवारात झाडाखाली चादर पसरून बसलेली कुटुंबं बघावीत. खेड्यातून आलेली म्हातारी भाकरीचा तुकडा मोडून शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवते आणि विचारते, "तुमचं कोण हाय आत?" एवढ्या एका प्रश्नावर दोन अनोळखी घरं पुढचे आठ दिवस एकमेकांना धरून राहतात. ही सोय कुठल्या नकाशात दाखवलेली नसते, पण झाड तोडलं की ती नाहीशी होते. फाटकाबाहेरच्या शहाळेवाल्याभोवती असंच एक वर्तुळ जमलेलं असतं. शहाळं वर पेशंटला जातं आणि खालचा माणूस पाच मिनिटं कोयत्याकडे बघत कशाचाच विचार न करता उभा राहतो. उपचारबाग म्हणतात ती याहून वेगळी काय असते, ते मला तरी सांगता येणार नाही.

भाचीने ऐकून घेतलं. वहीत "पार" एवढंच लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता झाड कोणतं, यावर सगळेच तज्ज्ञ. डॉक्टरीणबाईंना सोनचाफा हवा होता. पण मळमळणाऱ्या पेशंटला उग्र वास सोसत नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं. डॉक्टरांनी औदुंबर सुचवला. मी कडाडून विरोध केला. पुण्यात औदुंबर लावला की महिन्याभरात बुंध्याशी दत्ताची तसबीर येते, दुसऱ्या महिन्यात निरांजन, तिसऱ्या महिन्यात दानपेटी, आणि गुरुवारी रुग्णवाहिकेला आत यायला वाट राहत नाही. वड लावला तर ज्येष्ठात सुताच्या गुंड्या घेऊन आख्खी आळी हजर. मला स्वतःला बूच पसंत. पावसाळा सरला की त्याची लांब देठांची पांढरी फुलं आपण होऊन खाली पडतात, तोडावी लागत नाहीत, आणि त्यांची वेणी ओवायला सुईदोराही लागत नाही. देठात देठ गुंतवला की झालं. वाट बघत बसलेल्या माणसाच्या हाताला असलं बिनडोक्याचं काम मिळणं फार मोलाचं असतं.

पण मुख्य अडचण निराळीच. झाड लावायला जमीनच नव्हती. महापालिकेच्या नियमाने गाड्यांना जागा सोडली, लिफ्ट आणि जिना काढला, रॅम्प दिला, की साइड मार्जिनमध्ये उरते ती एक पट्टी. त्यात झाड कसलं, फार तर गवती चहा.

यावर तोड सापडली ती सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात. हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान, ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. (ज्यांचं नाव बागेला आहे, त्यांनी आणि सुनीताबाईंनी अनिल अवचटांच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला 1986 साली सुरुवातीलाच मदतीचा हात दिला होता. तेव्हा उपचारांशी या बागेचं थोडं नातं आधीपासूनच आहे.) मूळची कोराकुएन 1700 साली पुरी झाली. तिच्या आखणीत एक हुशारी आहे: ओकायामाचा काळा किल्ला बागेच्या बाहेर, नदीपलीकडे, पण आतून बघताना तो बागेचाच वाटतो. आपल्या जागेत नसलेली गोष्ट नजरेने आत ओढून घ्यायची, ही जपानी बागवानांची जुनी युक्ती. म्हणजे दृश्य उसनं घ्यायचं. विरजण आणि साखर उसनी आणण्यात ज्या शहराची हयात गेली, त्याला ही कल्पना समजायला कितीसा वेळ लागणार?

प्लॉटच्या पूर्वेला एका आजोबांचा जुना बंगला आहे आणि त्यात भलामोठा आंबा. भाचीने सगळा नकाशाच फिरवला. जिना आणि लिफ्ट पश्चिमेला ढकलली, खोल्या पूर्वेला घेतल्या, खाटा अशा लावल्या की उशीवरून आंबा दिसेल. खिडकीची कड आडव्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली आणली. आणि त्या उरलेल्या पट्टीत, जिथे आंब्याची एक फांदी भिंत ओलांडून येते, तिच्याखाली पार. दगडी, पाय वर घेऊन बसता येईल एवढा रुंद, डबा धुवायला शेजारी नळ.

फक्त आजोबांच्या कानावर घालायचं राहिलं होतं. डॉक्टर पेढे घेऊन गेले. मीही गेलो, कारण पुण्यात अशा कामाला पांढऱ्या केसांचा साक्षीदार लागतो. आजोबांनी नकाशा उलटसुलट करून बघितला. "म्हणजे तुमचे पेशंट दिवसभर माझ्या अंगणात बघत बसणार. मी सकाळी बनियनवर झाडांना पाणी घालतो." त्यानेही पेशंटना बरंच वाटेल, असं मी म्हटलं. त्यावर ते जरा पाघळले. बंगला बिल्डरला द्यायचा विचार आहे का, असं डॉक्टरांनी हळूच विचारून घेतलं. "मी आहे तोवर नाही," आजोबा म्हणाले आणि मग चष्मा काढून थेट मुद्द्यावर आले. "आता असं बघा. उद्या मीच तुमच्याकडे ॲडमिट झालो. खिडकीतून दिसणार माझंच झाड. मग मला खोलीभाड्यात सवलत किती?"

डॉक्टर दहा टक्क्यांवर आले आहेत. मोहराच्या महिन्यांत वीस, असं आजोबांचं म्हणणं आहे, आणि फांदीवरचे आंबे पारावर पडले तरी मालकी त्यांचीच, हे त्यांना लेखी हवंय.