अश्लीलतेचा शास्त्रशुद्ध अभ्यास

लोकप्रिय नर्तकींच्या कामुक प्रतिमांचा कोवळ्या चाहत्यांवर होणारा परिणाम हा महाराष्ट्रात गांभीर्याने अभ्यासला जाणारा विषय असून त्याची पद्धत ठरलेली आहे : चित्रफीत शेवटपर्यंत पाहावी, खात्रीसाठी पुन्हा पाहावी, समाजजागृतीसाठी चार गटांना पाठवावी आणि मगच निषेध नोंदवावा. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट असो वा पुण्यातील कोथरूड, या पद्धतीत प्रादेशिक भेद आढळत नाही.

या शास्त्राला अलीकडे विषय पुरवला तो नंदुरबारशेजारच्या धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्याच्या नर्तकी गौतमी पाटील यांनी. त्यांच्या हावभावांवर 2022 मध्ये आक्षेप घेतले गेले आणि त्यांनी माफी मागितली. फेब्रुवारी 2023 मध्ये त्या कपडे बदलत असतानाचे चोरून केलेले चित्रीकरण पसरवण्यात आले. आणि मे 2023 मध्ये काहींनी, समाजाची बदनामी होते म्हणून, त्यांनी ‘पाटील’ हे आडनाव लावू नये असे सुचवले. असे चोरून चित्रीकरण हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. तथापि ते करणाऱ्याने आडनाव बदलावे, अशी मागणी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

कायद्यानेही कधीकाळी या अभ्यासात मोलाची भर घातली होती. राज्याने 2005 मध्ये डान्सबारवर, म्हणजे मद्यालयातील नृत्यावर, बंदी घातली, तेव्हा तीन वा अधिक तारांकित हॉटेलांना सूट दिली. त्यावरून अश्लीलता नाचात नसून प्रेक्षकाच्या बिलाच्या रकमेत असते, हा सिद्धांत प्रस्थापित झाला. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो अमान्य केला, परंतु समाजाने अद्याप सोडलेला नाही.

राहता राहिले कोवळे चाहते. चित्रफितीच्या दर्शनी चित्राला, ज्याला ‘थंबनेल’ म्हणतात, संपूर्ण गाण्यातून एकच क्षण लागतो. तो कोणता, हे नर्तकी नव्हे तर पुष्कळदा चित्रफीत चढवणारा ठरवतो, आणि पाहणाऱ्यांच्या संख्येवर जाहिरातीचे उत्पन्न अवलंबून असल्याने त्याची निवड सहसा चुकत नाही. सहावीतल्या मुलीला त्यातून कोणत्या वळणाला टाळ्या पडतात हे समजते, तर तिच्या वर्गातल्या मुलाला नाचणाऱ्या बाईला न विचारता मोबाइलमध्ये टिपता येते हे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून 2019 मध्ये नृत्यस्पर्धांच्या कार्यक्रमांत मुलांना अशोभनीय रीतीने दाखवू नये, अशी सूचना खासगी वाहिन्यांना केली. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतून चित्रीकरण करणारे पालक मात्र वाहिनी नसल्याने त्या सूचनेच्या कक्षेबाहेर राहिले.

कार्यक्रमाची सुपारी, म्हणजे मानधनाचा करार, ठरवणारे मंडळ, फलकावर हात जोडून उभे असलेले भाऊ-दादा आणि कॅमेऱ्याचा कोन ठरवणारा हात यांचा अभ्यासात समावेश नाही, ही एक पद्धतशास्त्रीय त्रुटी आहे. ती दूर करण्यासाठी पुढील कार्यक्रमाच्या फलकावर नर्तकीऐवजी आयोजक मंडळाच्या सदस्यांना त्याच मुद्रेत, त्याच कोनातून आणि तितक्याच जवळून छापावे. त्या चित्राला स्वतः सदस्यांनीच अश्लील ठरवले, तर बालमनावरील परिणामांच्या अभ्यासाला योग्य ठिकाणाहून सुरुवात झाली, असे मानण्यास हरकत नसावी.