स्लॅब हुकला!

शिरोली एमआयडीसीत संध्याकाळची शिफ्ट सुटली की फाट्यावर गर्दी होते. थोडी वडापावच्या गाडीवर, थोडी मोबाइलच्या दुकानात. वडापाववाल्याला रात्री गल्ला मोजला की दिवसाची कमाई कळते. मोबाइलच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या पोराला मात्र पुढचा महिना अर्धा सरला तरी मागच्या महिन्यात आपण काय कमावलं, ते कळत नाही.

टी-शर्ट कंपनीचा. पगार मधल्या एजन्सीचा. हुकूम दुकानमालकाचा. राबवून घ्यायला तिघे, आणि ‘माझं इन्सेंटिव्ह कुठं अडकलं?’ विचारायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मुलाखतीत काय सांगतात? ‘पक्का पगार थोडा कमी आहे, पण विकशील तेवढं कमावशील. कमाईला वर मर्यादाच नाही.’

खालीही नाही, हे कोण सांगणार?

आता स्लॅब नावाचा प्रकार बघा. समजा, महिन्याचं टार्गेट 40 नगांचं आहे आणि ते पुरं झाल्याशिवाय इन्सेंटिव्ह नाही. पोरानं 38 विकले. साध्या हिशेबानं 38 नगांचे पैसे मिळायला हवेत. स्लॅबच्या हिशेबानं शून्य. कंपनीचे 38 फोन खपले, दुकानाला 38 फोनांचं मार्जिन मिळालं. विकणाऱ्याच्या खात्यात मात्र एकही नग विकला गेलेला नाही.

इथल्या फाउंड्रीत दोन कास्टिंग रिजेक्ट निघाली, तर तेवढीच दोन पुन्हा भट्टीत जातात. दोन नगांपायी अख्खी हीट फेकून देणारा मालक शिरोलीत कुणी पाहिलाय?

बरं, विकला म्हणजे विकला असंही नाही. अनेक ठिकाणी फोन चालू होऊन त्याचा आयएमईआय कंपनीच्या सिस्टीमवर दिसला, तरच नग मोजतात. बिहार-यूपीचा कामगार गावी न्यायला सीलबंद डबा घेऊन जातो आणि घरी पोचल्यावर बायकोच्या हातात देतो. मग तो नग या महिन्यात धरायचा की पुढच्या? आपल्या जिल्ह्यात धरायचा की तिकडच्या? हा वाद मिटेपर्यंत इकडे हप्त्याची तारीख उलटून जाते.

दिवसभर व्हॉट्सॲप ग्रुपवर विक्रीचे आकडे टाकायचे. आकडा शून्य असेल तर कारण टाकायचं. पाऊस हे कारण चालत नाही.

2019 चा ऑगस्ट आठवतो? 2021 चा जुलै? पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली. पक्क्या पगारावरचा माणूस, त्याचे दिवस कापले नाहीत तर, तसा महिना कसाबसा काढतो. कमिशनवर जगणाऱ्यानं काय करायचं? पाण्यातून गिऱ्हाईक आणायचं?

करातला बदलही त्याच्याच अंगावर येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मोबाइल 1 एप्रिल 2020 पासून 18 टक्क्यांवरच आहे, तो तिथेच राहिला. काउंटरवर मात्र गिऱ्हाईक डाफरतं, ‘सगळं स्वस्त झालं, मग तुमचाच फोन महाग कसा?’ कर ठरवला दिल्लीत, उत्तर द्यायचं फाट्यावर.

ऑनलाइन सेल लागला की गिऱ्हाइकाची आणखी एक तऱ्हा. अर्धा तास फोन हाताळायचा, कॅमेरा तपासायचा, सगळं विचारून घ्यायचं आणि दारातच उभं राहून ऑनलाइन मागवायचा. त्या अर्ध्या तासाची मजुरी कोण देणार? कुणीच नाही.

आणि याची झळ एकट्या पोराला बसते, असं समजू नका. काउंटरच्या अलीकडे जरा बघा.

मोल्डिंगवर काम करणारा दादा येतो. वाळू आणि उष्णतेनं अंगठा इतका झिजलेला की फिंगरप्रिंट लावायला घेतला, तर सेन्सर तीन वेळा नाही म्हणतो. त्याला घरी व्हिडिओ कॉल करायचाय. दहा हजारांत भागणार आहे. पण पोराचं इन्सेंटिव्ह आहे ‘फोकस मॉडेल’वर, आणि ते अठरा हजारांचं. मग ‘दादा, हप्त्यात बसेल की!’ सुरू होतं. प्रोसेसिंग फी, टेम्पर्ड ग्लास, कव्हर, वाढीव वॉरंटी, स्क्रीनचा प्रोटेक्शन प्लॅन. दादा सही करतो, ओटीपी सांगतो, निघतो.

पोरगा लबाड आहे? मुळीच नाही. त्याला 38 चे 40 करायचेत, महिन्याचे दोन दिवस उरलेत आणि घरात त्याच्या पगारावर चार तोंडं आहेत. पगाराची रचनाच अशी करून ठेवलीय की खरं बोलला तर त्याचं नुकसान आणि गळ्यात मारलं तर दादाचं. ज्यांनी रचना केली, त्यांचं नुकसान कशातच नाही.

कायदा काय म्हणतो? वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा. नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. उत्तम! पण ‘वेतन’ म्हणजे काय, याच्या व्याख्येतून कमिशन वगळलंय. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर तेवढा वरचा भाग वेतनात धरतात, इतकाच दिलासा.

म्हणजे ज्या पैशावर घर चालतं, त्यालाच मुदत नाही.

म्हणूनच नोकरी सोडणाऱ्या पोरांची मागची इन्सेंटिव्ह बुडतात. ‘पेमेंटच्या तारखेला तू ऑन-रोल नव्हतास,’ एवढ्या एका वाक्यावर दोन-दोन महिन्यांची कमाई गिळली जाते. फोन विकले तेव्हा तो ऑन-रोल होता ना? मग?

कमिशन नसावंच, असं कोण म्हणतंय? चांगल्या विक्रेत्याला दोन पैसे जास्त मिळालेच पाहिजेत. पण किमान वेतन पक्क्या पगारातून पुरं व्हावं. कमिशन पहिल्या नगापासून मिळावं, मधे स्लॅबची भिंत नको. कमिशनचे दर महिना सुरू होण्याआधी लिहून द्यावेत, 20 तारखेला बदलू नयेत. महामार्ग पाण्याखाली गेला, तर टार्गेटही त्या प्रमाणात खाली यावं. यातली कुठली मागणी अवाजवी आहे? रोज दर दोन तासांचा आकडा मागणाऱ्या कंपनीला महिन्याचा एक कागद देणं जड जातं?

आपल्यासाठीही एक काम आहे. दुकानात जाल तेव्हा बजेट आधीच ठरवा आणि पहिल्याच वाक्यात सांगा. नको असलेल्या वॉरंटीला सरळ नाही म्हणा, पण पोरावर ओरडू नका.

आणि पोरांनो, सही करण्याआधी कमिशनचा तक्ता लेखी मागा. किती नगांना किती, कधी मिळणार, नोकरी सोडली तर काय, हे तीन प्रश्न विचारा. रोजच्या विक्रीची नोंद आयएमईआयसकट स्वतःच्या वहीत ठेवा. तक्ता द्यायला कां-कूं केली, तर फक्त पक्क्या पगारावर घर चालेल का, ते बघा. नसेल चालत, तर त्या काउंटरमागे उभे राहू नका.