तक्रार कोणाकडे?

आर ही संख्याशास्त्राची भाषा फुकट, खुली, आणि तिच्यात स्वतःचं पॅकेज उभं करणं म्हणजे पोरखेळ. एक आज्ञा दिली की फोल्डर, माहितीची फाइल, परवान्याची ओळ, सगळा सांगाडा हजर. या सांगाड्यात मेंटेनरच्या, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याच्या, रकान्यात बरीच वर्षं छापून यायचं, ‘तक्रार कोणाकडे करायची’, आणि शेजारी नमुन्याचा ईमेल पत्ता: ‘युअरफॉल्ट अ‍ॅट समव्हेअर डॉट नेट’. चूक तुमचीच! फुकट काम करणाऱ्याला मिळणारं इतकं प्रामाणिक नेमणूकपत्र दुसरीकडे सापडायचं नाही.

मग येतं डॉक्युमेंटेशन, आणि तिथे घोडं पेंड खातं. पॅकेज क्रॅनवर, म्हणजे १९९७ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या आरच्या सार्वजनिक कोठारात, जायचं तर तपासणी कडक. एखादा आर्ग्युमेंट मदतीच्या पानावर नोंदला नाही की वॉर्निंग. वर्णनाची सुरुवात ‘हे पॅकेज’ अशी केलीत की शेरा. नोंद आहे का, हे यंत्र चोख बघतं. नोंदीत काय आहे, हे त्याच्या बापाला कळत नाही. म्हणून पानं निघतात ती अशी: ‘डेटा: डेटा. मेथड: वापरायची मेथड. व्हर्बोज: व्हर्बोज हवं का?’ शून्य एरर, शून्य वॉर्निंग, शून्य नोट. वाटा पेढे! मेथडच्या जागी नेमकं काय लिहिलेलं चालतं, ते हवं असेल तर सोर्स कोड उघडून बसा.

उदाहरणांची तऱ्हा आणखी न्यारी. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली वापरलेली १५० आयरिस फुलं, नाहीतर १९७४ च्या ‘मोटर ट्रेंड’ मासिकातल्या ३२ मोटारी. दोन्ही तक्त्यांत एकही जागा रिकामी नाही. तुमच्या-आमच्या सर्वेक्षणात मात्र वय नाही, उत्पन्न नाही, कुठे ‘सांगणार नाही’. फंक्शन अशा ओळी गुपचूप गाळतं, की तिथेच मान टाकतं? पान गप्प. बरं, काही उदाहरणांवर ‘चालवू नये’ अशी खूण असते. तपासणीही ती चालवत नाही, त्यामुळे ती मोडली तरी वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही.

बसवण्याचंही तेच. ‘फक्त एक ओळ लिहा’ म्हणतात. लिनक्सवर लिहून बघा. अर्धा तास अक्षरं धावतात आणि शेवटी कळतं, सिस्टीमची एक लायब्ररी नाही. तिचं नाव माहितीच्या फाइलमध्ये असतं, नाही असं नाही. पण तो रकाना मोकळ्या मजकुराचा. पॅकेज बसवणारी आज्ञा तो वाचून काही आणून देत नाही.

मेंटेनरला पगार नाही, मान्य. पण फुकट जेवण वाढणाऱ्यानेही मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं. तेव्हा मेंटेनरहो, पुढची आवृत्ती सोडण्याआधी पॅकेज एखाद्या परक्या माणसाच्या कोऱ्या लॅपटॉपवर, त्याच्याच भोकं पडलेल्या डेटावर चालवायला द्या. तो जिथे अडेल, तिथली दोन वाक्यं आधी लिहा.