पुन्हा फेडरवर बोट ठेवण्यापूर्वी

पनवेल व परिसरातील, धंद्यात परतू पाहणाऱ्या साउंडवाल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

पात्रता: 2020 च्या मार्चमध्ये कार्यक्रम बंद पडल्यावर तुम्ही बॉक्स मिळेल त्या भावाला विकलेले असावेत. 22 ऑक्टोबर 2021 ला राज्यातली नाट्यगृहं निम्म्या प्रेक्षकांवर उघडली, तेव्हापासून ‘एकदा परत जाऊन बघू’ असं तुम्ही जेवताना म्हणत असावेत. घरचे हे ऐकून कंटाळले असतील तर उत्तम. परवानगी कंटाळ्यातूनच मिळते.

पायरी पहिली, कोर्स निवडणे. प्रत्येक नातेवाईक पुण्याचं एफटीआयआय सुचवेल. तिथे सिनेमाचा आवाज शिकवतात. चुकलं तर रीटेक असतो. तुम्हाला हवंय लाइव्ह साउंड, आणि नवरदेव मांडवात एकदाच शिरतो. चौकशीला जाल तिथे एवढंच विचारा, मिक्सर प्रत्यक्ष हाताखाली किती तास मिळणार? उत्तरादाखल चकचकीत माहितीपत्रक पुढे आलं, तर चहा पिऊन पनवेल लोकल पकडा.

पायरी दुसरी, वर्गात बसणे. विशीतली पोरं ‘अंकल’ म्हणतील. म्हणू द्या. समोर बेहरिंगरचं एक्स-32 असेल: चॅनल 32, पण त्यांच्यासाठी फेडर 16, उरलेले लेयरखाली. तुमच्या काळी प्रत्येक माइकला आपला स्वतंत्र फेडर होता आणि तो रात्रभर जागेवर राहायचा. इथे एक बटण दाबलं की सगळे फेडर आपोआप वरखाली धावतात. दचकून धरू नका, आत मोटर आहे. आणि जुन्या ॲनालॉग मिक्सरवर लाल दिवा लुकलुकला तरी आपण ‘चालतंय’ म्हणायचो, ती सवय सोडा. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नाही. आवाज सरळ फाटतो.

पायरी तिसरी, गणित. हे टाळू नका, फीचे पैसे इथेच वसूल होतात. पनवेलच्या उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून 35 मीटरवर मागच्यांसाठी लावलेले बॉक्स वायरीतून लगेच बोलतात, आणि स्टेजवरचा आवाज तिथे सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. मागच्या रांगेला प्रत्येक पुढारी दोनदा ऐकावा लागतो. मागच्या बॉक्सना 100 मिलिसेकंदांचा डिले द्या, पुढारी एकदाच ऐकू येईल. इतकी वर्षं आपण हाच दोष मैदानाच्या माथी मारत होतो.

पायरी चौथी. तिकीट काढून आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसा. नाटक बघू नका, ऐका. एवढंच.

पायरी पाचवी, प्रात्यक्षिक: हळद. पनवेलच्या गावांतली हळद ज्याने सांभाळली, त्याला पुढे कुठलीही परीक्षा जड नाही. साडेआठला नवरदेवाचे काका कॉर्डलेस घेतील आणि त्याची जाळी मुठीत दाबून बोलायला लागतील. समोरूनच ऐकायला बनवलेला माइक जाळी झाकली की चहूबाजूंनी ऐकू लागतो, बॉक्सचा आवाज पुन्हा आत घेतो आणि शिट्टी मारतो. लोक काकांकडे बघणार नाहीत, तुमच्याकडे बघतील. धावत जाऊन, ‘काका, जरा दांड्याला धरा, रुबाबदार दिसतं,’ असं म्हणा. शेवटचे दोन शब्द गाळू नयेत.

दहा वाजता मात्र कायदा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा लावू देत नाहीत. सरकारला वर्षात फार तर 15 दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि तुमच्या यजमानांची हळद त्यात बसत नाही. पावणेदहालाच हळूहळू उतरवायला लागा. 3 डेसिबल उतरवले की ॲम्प्लिफायरचं काम निम्मं होतं, आणि नाचणाऱ्याला जेमतेम कळतं.

ज्याला कळतं तो नवरदेवाचा भाऊ. तो टेबलाशी येईल. ‘दादा, वाढव ना जरा!’ त्याच्यासाठी, कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत ती शेवटची तयारी: सोळावं चॅनल रिकामं ठेवावं, कसलीही वायर न जोडता, वर पट्टी चिकटवून ‘मेन’ लिहावं. त्याच्यादेखत तो फेडर सावकाश वर न्यावा, कपाळाला आठ्या घालून. मग विचारावं, ‘आता?’

‘हां, आता कसं!’ म्हणून तो नाचायला जातो.